सिट्रा पेलेट्स : गव्हाच्या घरगुती बिअरसाठी

अमेरिकन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला मोसंबी-ग्रेपफ्रूटचा वास हवा असेल, तर सिट्रा हॉप्सच घ्या (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, पेलेट्स म्हणजे ती दाबून केलेल्या गोळ्या). वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातलं हे वाण. लिंबूवर्गीय वासापाठोपाठ लिचीचाही गोडसर वास येतो. १९ लिटरच्या बॅचला २८ ग्रॅमची दोन पाकिटं पुरतात. मात्र कधी किती टाकायचं, तिथेच बहुतेकांचं चुकतं.

पाकिटावर अल्फा आम्लाचं, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकाचं, प्रमाण छापलेलं असतं, सिट्रात साधारण ११ ते १३ टक्के. अख्खं पाकीट उकळीच्या सुरुवातीलाच टाकलं, तर कडवटपणा ४० आयबीयूच्या (कडवटपणा मोजायचं एकक) घरात जातो आणि वास वाफेबरोबर उडतो. या बिअरला १५ ते २० पुष्कळ झाले. म्हणून ६० मिनिटांच्या उकळीला फक्त ७ ग्रॅम. गॅस बंद केल्यावर वर्ट (धान्याचं उकळलेलं गोड पाणी) ८० अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्या, मग उरलेले २१ ग्रॅम टाकून २० मिनिटं झाकून ठेवा. दुसरं पाकीट फर्मेंटेशन संपत आल्यावर ड्राय हॉपिंगला, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये, तीन दिवस. जास्त दिवस ठेवलं की गवताची चव उतरते.

यीस्ट यूएस-०५ (अमेरिकन एल यीस्ट) सारखं साधं घ्या. जर्मन व्हीट यीस्टच्या लवंग-केळ्याच्या वासाखाली सिट्रा दबून जातं, मग महागडे हॉप्स कशाला?

संत्र्याची साल जोडीला छान लागते. दोन-तीन संत्री गरम पाण्यात घासून धुवा, कारण दुकानातल्या फळांवर मेण असतं. बारीक किसणीने फक्त वरचा केशरी भाग किसा. आतला पांढरा भाग आला की जिभेवर रेंगाळणारा कडूपणा आलाच. १५-२० ग्रॅम कीस उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत टाका. रस अजिबात नको : त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे नुसता आंबटपणा उरतो.

ड्राय हॉपिंगनंतर बाटल्या भरायची घाई करू नका. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या डेक्स्ट्रिनची (यीस्टला न पचलेल्या पिष्टाची) साखर करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. तशीच भरलेली बाटली फुटू शकते. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजणारं साधन) रीडिंग दोन-तीन दिवस हललं नाही, तरच बुडबुड्यांसाठीची साखर (१९ लिटरला १२० ग्रॅम) घालून भरा. भरताना बिअर खळाळू देऊ नका; हवा लागली की रंग काळपट पडतो आणि सगळ्यात आधी सिट्राचा वासच जातो.

घेताना कापणीचं वर्ष बघा, व्हॅक्यूम पॅकच घ्या आणि घरी आणल्यावर फ्रीझरमध्ये टाका. पेलेट हिरवीगार हवी. तपकिरी पडली असेल किंवा जुन्या चीजसारखा वास येत असेल तर परत करा. वापरलेल्या हॉप्सचा चोथा कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. कुत्र्यांना तो विषारी असतो, जीवावरही बेतू शकतो.