घरच्या फेसपॅकचा काही महिन्यांनंतरचा अनुभव: ओट्स टिकले, लिंबू बाद

निकाल आधीच सांगायचा तर, स्वयंपाकघरातल्या जिनसांचे पॅक त्वचा मऊ करतात, कोरडेपणा कमी करतात आणि मृत पेशी निघाल्यामुळे चेहरा एक-दोन दिवस तजेलदार दिसतो. काळे डाग, मुरुमांचे खड्डे, मोठी दिसणारी रंध्रं यांत मात्र काही महिन्यांनीही फरक पडत नाही. मऊपणासाठी करणार असाल तर जरूर करा, डागांसाठी नको.

सगळ्यांत भरवशाचा निघाला तो ओट्सचा पॅक. साधे, बिनचवीचे ओट्स मिक्सरच्या कोरड्या भांड्यात अगदी बारीक दळायचे. दळण जमलं का, हे ग्लासभर पाण्यात एक चमचा पूड ढवळून कळतं. पाणी दुधाळ झालं आणि तसंच राहिलं तर पूड तयार. कण लगेच तळाशी बसले तर मिक्सर पुन्हा फिरवायचा. जाडसर पुडीचा पॅक चेहऱ्यावर धरत नाही, सुकला की गळून पडतो. दोन टेबलस्पून पुडीत साधारण तेवढंच कोमट पाणी थोडंथोडं घालून कालवायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. तेवढ्या वेळात ओट्समधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतुमय घटक, पाणी धरतं आणि मिश्रणाला बुळबुळीतपणा येतो. ओलावा टिकवण्याचं काम याच बुळबुळीत भागाचं, म्हणून इथे घाई करू नये. उकळतं पाणी घातलं तर पिष्ट शिजून गुठळ्या होतात. खाज आणि लालसरपणा शमवणारे घटकही ओट्समध्ये आहेत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, २००३ मध्ये कोलॉइडल ओटमीलला, म्हणजे अतिबारीक दळलेल्या ओट्सना, त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली ती उगाच नाही.

दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, साधारण १ टक्का. त्यामुळे ते सौम्यपणे मृत पेशी सैल करतं. थेट लावलेलं दही मानेवरून ओघळतं. बारीक गाळणीत वीस मिनिटं निथळून घेतलं की हा त्रास संपतो. गोड किंवा फळांच्या चवीचं दही चालत नाही. निथळलेल्या दीड टेबलस्पून दह्यात अर्धा चमचा मध पुरतो. मध ओलावा धरून ठेवतो, पण त्वचेच्या उबेने पातळ होऊन खाली सरकतो आणि कपाळावरच्या केसांत अडकतो. जास्त मध म्हणजे जास्त गुण असं काही नाही, नुसता चिकटपणा वाढतो.

बेसनाबद्दल माझं मत जरा कडक आहे. बेसन तेल छान शोषतं, त्यामुळे तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा ठीक. पण पॅक कडकडीत वाळू द्यायचा आणि मग खसाखसा चोळून काढायचा, या सवयीने गाल कोरडे पडतात, आग होते. दोन टेबलस्पून चाळलेलं बेसन दह्यात कालवून पाच मिनिटं मुरू द्यावं, दोन-तीन मिलिमीटरचा थर लावावा आणि कडा सुकायला लागल्या की, म्हणजे दहा-बारा मिनिटांत, काढायला घ्यावं. आधी ओल्या हातांनी थर मिनिटभर भिजवायचा, मग न घासता धुवायचा. कोणताही पॅक काढल्यावर चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. ते वगळलं तर तासाभरात त्वचा ओढल्यासारखी वाटते आणि दोष पॅकला जातो.

हळद चिमटीपेक्षा कमी, नाहीतर गोऱ्या त्वचेवर आणि टॉवेलवर पिवळा रंग उतरतो. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने तो रंग जात नाही. कापसावर थोडं तेल घेऊन पुसायचा आणि मग फेसवॉशने धुवायचं.

लिंबू पूर्ण बाद. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. आग तर होतेच, शिवाय रस राहिलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर पुरळ, फोड आणि नंतर गडद डाग येऊ शकतात. म्हणजे डाग घालवायला लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं. खाण्याचा सोडा उलट बाजूने त्रास देतो, पीएच ८ च्या वर. दालचिनीने त्वचा चुरचुरते. साखर-मीठ अंगाला चालेल, चेहऱ्याला त्याचे कण टोचतात. कच्च्या अंड्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका असतो आणि पॅक तोंडाजवळच असतो. खोबरेल तेलाने मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रं बुजतात.

नैसर्गिक आहे म्हणून ॲलर्जी होणार नाही, हा समज सोडायला हवा. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणातल्या गव्हाच्या प्रथिनामुळे २,००० हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली आणि २०११ मध्ये तो साबण परत मागवावा लागला. प्रथिन त्वचेवाटे शिरलं आणि पुढे गव्हाचे पदार्थ खाल्ले की त्रास होऊ लागला. म्हणून एक्झिमा, भेगा किंवा फुटलेली मुरुमं असलेल्या त्वचेवर दूध, गहू, ओट्स, सुकामेवा यांतलं काही लावू नका. ज्या पदार्थाची खाण्यात ॲलर्जी आहे, तो चेहऱ्यावरही नको. नवा पॅक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, ४८ तास वाट पाहावी.

ओट्सची कोरडी पूड हवाबंद बरणीत महिनाभर टिकते. भिजवलेला पॅक मात्र त्याच वेळी संपवायचा. त्यात पाणी आहे, पोषण आहे आणि प्रिझर्वेटिव्ह नाही, म्हणजे जंतूंना मोकळं रान. उरलेला पॅक बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये ओट्स आणि बेसन फुगून चिकट थर धरतात. चेहऱ्यावरचा जाड थरही आधी ओल्या फडक्याने पुसून कचऱ्यात टाका, मग तोंड धुवा.