आर्मी डिस्पोजलच्या इंपोर्टेड पिकअपमध्ये माझे ८,४०,००० रुपये बुडाले

हे लिहायला बसेपर्यंत तीन महिने गेले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पंचवीस वर्षं आंबा बागायतीत काढलीत. वाशीचे दलाल, खतवाले, औषधवाले, पेटीवाले, सगळ्यांशी व्यवहार केलेत आणि कोणाला फारसं फसवू दिलेलं नाही. अशा माणसाने आपण फसलो असं चारचौघांत सांगणं सोपं नसतं. पण मध्यंतरी शेजारच्या तालुक्यातल्या एका बागायतदाराचा फोन आला. "तुमच्याकडे ती इंपोर्टेड डिझेल पिकअप होती ना, कशी चालते? मलापण एक दाखवतायत." तेव्हा ठरवलं, आता गप्प बसणं म्हणजे त्या चोरांना मदत करणं.

गाडी कशी चालते ते आधी सांगतो. गाडी उत्तम आहे. टोयोटा हायलक्स, २०१२ चं मॉडेल, डबल कॅब, फोर बाय फोर, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. आपल्या जुन्या इनोव्हात हेच इंजिन होतं, त्यामुळे पार्टची चिंता नाही. हे मला विकणाऱ्यानेच सांगितलं आणि ते खरं निघालं. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलत नाही, हे ध्यानात ठेवा. इंजिन, गिअर, फोर बाय फोर याबद्दल तो एक शब्द खोटं बोलला नाही. खोटं होतं ते फक्त कागदांत.

मला हौस म्हणून गाडी घ्यायची नव्हती. आमच्या कलमांकडे जाणारा रस्ता म्हणजे दीड किलोमीटर जांभ्याचा चढ. वळवाचा एक पाऊस झाला की तो असा निसरडा होतो की साधी पिकअप अर्ध्यावर मागे सरकते. २०२४ च्या मे महिन्यात माझे ऐंशी क्रेट दोन दिवस वर बागेत अडकले आणि त्यातला निम्मा माल कॅनिंगला, म्हणजे रसाच्या कारखान्याला, घालावा लागला. दरवर्षी भाड्याच्या गाडीवाल्याच्या विनवण्या करायच्या त्या वेगळ्याच. हायलक्स आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आली ती २०२२ मध्ये आणि तेव्हाच तिची सुरुवातीची किंमत ३३,९९,००० होती, तीही एक्स-शोरूम. ती माझ्या आवाक्यातली नाही. तशीच जुनी गाडी ८,४०,००० ला मिळतेय म्हटल्यावर कुठला शेतकरी बघायला जाणार नाही?

फौजी असल्याचं सांगून फोटो पाठवणारे, क्यूआर कोड पाठवून खातं रिकामं करणारे, हे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, तसे मलाही होते. म्हणून तर मी स्वतः गेलो. पनवेलच्या पुढे पत्र्याची मोठी शेड असलेलं यार्ड, आत दहा-बारा गाड्या, दोन मेकॅनिक काम करतायत, चहा आला. विकणारा तिशीतला, नीट बोलणारा, पहिल्या मिनिटापासून "काका, काका" करणारा. मी माझा मेकॅनिक सोबत नेला होता. त्याने गाडी दीड तास तपासली आणि पास केली. पासिंग ईशान्येकडच्या एका राज्याचं होतं. नंबर मी तिथेच मोबाइलवर सरकारी साइटवर टाकून पाहिला. गाडी दिसली, मालक दिसला, कर्ज नाही, ब्लॅकलिस्ट नाही. यापेक्षा जास्त सामान्य माणसाने काय करायचं?

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की रात्री झोप उडते.

आरसी माझ्या हातात होती. उत्पादनाचं वर्ष २०१२, नोंदणीचं वर्ष २०१९. दोन्ही ओळी मी माझ्या डोळ्यांनी वाचल्या. विचारलंही, "मधली सात वर्षं गाडी कुठे होती?" तो लगेच म्हणाला, "काका, मिलिटरीत. मिलिटरीच्या गाडीला आरटीओ पासिंग नसतं. लिलावात निघाली की मग पहिलं पासिंग होतं." हेही खरंच आहे. लष्कराच्या गाड्यांचे नंबर वेगळे असतात आणि लिलावानंतरच त्या सिव्हिलमध्ये नोंदतात. माझे चुलत काका सैन्यात होते, मला हे माहीत होतं. जे मला माहीत होतं, नेमकं तेच त्याने माझ्यासमोर ठेवलं. पण आपल्या सैन्यात तेव्हा जिप्सी होत्या, हेही मला माहीत होतं! जी गाडी भारतात २०२२ पर्यंत विकायलाच नव्हती, ती २०१२ मध्ये आपल्या लष्कराकडे कशी असेल, एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. नाही विचारला.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ म्हटलं असतं की चुकलो. पण काचेवर, आतल्या बाजूला डावीकडे खालच्या कोपऱ्यात, अर्धवट खरवडलेला एक स्टिकर होता. त्यावरची अक्षरं ना इंग्रजी, ना हिंदी. डोक्यावर तुटक रेघा आणि खाली लोंबणाऱ्या मात्रा. मी बोट ठेवून विचारलं, "ही कुठली भाषा?" तो हसला, "जपानी असेल", आणि बोलता बोलता अंगठ्याच्या नखाने उरलेला स्टिकर खरवडून त्याची गोळी करून खाली टाकली. मी ते पाहत उभा होतो. जपानी अक्षरं तशी नसतात हे मला का सुचलं नाही? ती भूतानची लिपी होती. हे मला आठ महिन्यांनी एका अधिकाऱ्याने सांगितलं.

चॅसीवर ठोकलेल्या नंबराच्या जागी नवा काळा रंग होता, बाकी चॅसीवर जुना गंज. "नंबर नीट दिसावा म्हणून मारलाय." तेही पटवून घेतलं. गाडी आवडली की माणूस तिच्या बाजूने कारणं शोधायला लागतो, माझं तसंच झालं. तुम्ही जाल तेव्हा चॅसी नंबरची पहिली दोन अक्षरं बघा. भारतात बनलेल्या गाडीची सुरुवात साधारण एम ए ते एम ई यांपैकी असते. माझ्या गाडीची एम आर होती, म्हणजे थायलंडची बनावट. गाडी परदेशात बनली हे त्या दोन अक्षरांतच लिहिलेलं होतं, आणि मग ती इथे आली कशी याचा कागद मागायलाच हवा होता.

तो कागद म्हणजे बिल ऑफ एन्ट्री, परदेशातून माल आला की कस्टममध्ये होणारी नोंद. माझा भाचा न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या, कामात आहे. टोकन देण्याच्या आदल्या रात्री त्याने फोनवर विचारलं होतं, "मामा, आरसी ठीक आहे, पण बिल ऑफ एन्ट्री कुठाय? नंबर, तारीख आणि पोर्ट द्या, मी कस्टमच्या आइसगेट साइटवर दोन मिनिटांत बघतो." मी त्याच्यावरच खेकसलो. म्हटलं, तू कंटेनरवाला, गाड्यांमधलं तुला काय कळतं. त्या पोराची मी नंतर माफी मागितली.

नियम मला आता पाठ झालाय, तुम्ही आजच पाठ करा. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडे लागतं, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. म्हणजे २०१२ ची गाडी २०१९ मध्ये कोणी सरळ मार्गाने आणूच शकत नाही. इंपोर्टेड आहे, स्वस्त आहे आणि पाच-दहा वर्षं जुनी असताना आणलेली आहे, असं कोणी म्हणालं की तिथूनच मागे फिरा.

पैसे कसे गेले ते आकड्यांनिशी सांगतो. ९ फेब्रुवारी २०२५ ला टोकन ५१,०००, यूपीआयने. २० फेब्रुवारीला ५,५०,००० आरटीजीएस. खातं त्याच्या नावावर नव्हतं, कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या नावावर होतं. बँकेतल्या बाईंनीही विचारलं, "नाव वेगळं आहे, चालेल ना?" मी "हो" म्हटलं. त्याच दिवशी रोख १,७५,०००. दोन लाखांच्या आत ठेवू म्हणजे इन्कम टॅक्सची कटकट नको, असं तोच म्हणाला आणि मला वाटलं, माणूस कायद्याने चालणारा आहे. शेवटचे ६४,००० एप्रिलमध्ये, महाराष्ट्र पासिंगच्या टॅक्ससाठी म्हणून. एकूण ८,४०,०००. त्यावर माझे टायर आणि सस्पेन्शनचे ३८,६०० आणि आता वकिलाचे २५,०००. आरटीजीएसच्या रकमेतला मोठा भाग बायकोच्या पोस्टातल्या ठेवीचा होता. तिने आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

एक हंगाम गाडी पळाली. मे महिन्यात धो धो पावसात भरलेले क्रेट घेऊन ती चढ अशी चढली की गडीमाणसं बघत राहिली. बाहेरच्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, म्हणून जूनमध्ये कागद घेऊन आरटीओत गेलो. क्लार्क म्हणाला, आधीच्या राज्याच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) सिस्टीमला दिसत नाही. विकणाऱ्याला फोन केला, "चार दिवसांत दिसेल काका." आठवड्याने फोन बंद. पनवेलला गेलो तर शेडला कुलूप.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली. केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने धाडी घातल्या. भूतानमधल्या जुन्या गाड्या चोरवाटेने आणायच्या, लष्कराचे आणि दूतावासांचे खोटे कागद लावायचे आणि आपल्याकडच्या राज्यांत नोंदवून विकायच्या, असा तो धंदा. टीव्हीवर ते ऐकताना मला तो स्टिकर आठवला आणि हातपाय गार पडले.

मी पळून गेलो नाही, गाडी लपवली नाही. स्वतः कागद घेऊन आरटीओत गेलो. जून महिन्यात "साइटवर गाडी दिसतेय ना, मग कसली काळजी" म्हणणारा तोच माणूस आता मला विचारतो, "अशी गाडी घेतलीतच कशी?" अहो, तुमच्या खात्याच्या साइटवर बघून घेतली! त्या नोंदीवर सरकारी शिक्का आहे. ती नोंद खोटी असेल तर ती घालणारा तुमच्यापैकीच कोणीतरी आहे ना? त्याला कोण बोलावणार? एका राज्याच्या कार्यालयात कोणीतरी बसून २०१९ ची नोंद तयार करतो, दुसऱ्या राज्यातली विमा कंपनी त्यावर पॉलिसी देते, माझ्याकडून हप्ता घेते, टोलनाके फास्टॅगने पैसे कापतात, आणि शेवटी गुन्हेगारासारखा उभा मी राहतो.

नोव्हेंबरमध्ये कस्टमचे लोक आले, पंचनामा केला, गाडी घेऊन गेले. मला समन्स देऊन जबाब घेतला, सहा तास. मला धमकावलं नाही, हे खरं सांगितलं पाहिजे, पण मी खरेदीदार आहे की टोळीतला, हे ठरवण्यातच त्यांचा दिवस गेला. जप्तीपासून सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस यायला हवी, ती मुदत आणखी सहा महिने वाढू शकते. दंड भरून गाडी सुटेल का, याचं उत्तर कोणी देत नाही. वकील म्हणतात, सुटली तरी नोंदणी कुठे करणार?

पोलिसांचं काय सांगू. आमच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार पनवेलकडे झाला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, गाडी मिळाली ना तुम्हाला, मग हा दिवाणी मामला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, माणसाला प्रत्यक्ष भेटून पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. तीन ठिकाणी तीन उत्तरं. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवलं तर ऐकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचं कलम न्याय संहितेचं ३१८ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दिवाणी मामला नाही. मला हे वकिलाने सांगितलं, ठाण्यात बसलेल्या साहेबांनी नाही. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी अर्ज पाठवला, तेव्हा कुठे जानेवारीत गुन्हा दाखल झाला. ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात तोवर ११२ रुपये शिल्लक होते.

रोख दिलेल्या १,७५,००० ची पावती माझ्याकडे नाही. मागितली होती, "घरचा माणूस समजा काका" म्हणाला. विकणारा नातं जोडायला लागला की पावती आधी घ्या. मेकॅनिकला न्याच, पण तो गाडी तपासतो, कागद नाही. कागद बघायला क्लिअरिंगमधला माणूस किंवा वकील न्या, दोन हजार घेईल. आणि सैन्याच्या लिलावातली गाडी म्हणाला तर लिलावाचा मूळ कागद मागा, झेरॉक्स नको. माझ्याकडची झेरॉक्स इतकी फिकट होती की शिक्का वाचताच येत नव्हता, आणि मी ती घरी आणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती.

ज्यांचा फोन आला होता त्या बागायतदारांनी त्यांना दाखवलेल्या गाडीचे फोटो मला पाठवले. पांढरी डबल कॅब, किंमत ७,९०,०००, आणि मागे तीच पत्र्याची शेड. फोटो छापून मी तपास अधिकाऱ्यांकडे दिले, पोच घेतली. आज अठरा दिवस झाले. तिकडून फोन नाही.