सराफ्यामागच्या गल्लीतली बोरिक पावडर : माल चोख, पाकीट बेकार

इंदूरला सराफ्यामागे एका केमिकलवाल्याकडून अर्धा किलो बोरिक पावडर आणली, डाख लावायच्या (दागिन्याचे सांधे जोडायच्या) कामासाठी. पाकिटावर ना ग्रेड, ना तारीख, नुसती चिठ्ठी चिकटवलेली, म्हणून आधी शंकाच आली, कारण मागच्या वेळी दुसऱ्या एकाने चक्क टाल्कम मिसळलेली दिली होती.

मग घरीच तपासली. १० ग्रॅम काट्यावर तोलून मुशीत घातली आणि हळूहळू तापवली. १७० डिग्रीच्या आसपास पाणी सुटून तिचं मेटाबोरिक अ‍ॅसिड होतं, ३०० च्या वर उरलंसुरलं पाणी पण जातं आणि राहतो बोरिक ऑक्साइड. शेवटी मुशीच्या तळाशी मधासारखं घट्ट, तार धरणारं, थंड झाल्यावर एकदम काच! हिशोबाने ५.६ ग्रॅम राहायला हवं, माझं ५.५ भरलं (थोडं बोरिक वाफेबरोबर उडतंच). टाल्कम असतं तर वजन एवढं उतरलंच नसतं, आणि अशी स्वच्छ काच तर नाहीच.

डाख लावताना सवागीसारखी (म्हणजे टाकणखारासारखी) ही भसकन फुगत नाही, त्यामुळे जोडायचे बारीक मणी जागचे हलत नाहीत, हे मला फार आवडलं. पण घाईत आच वाढवली तर उडते, माझ्या चष्म्यावर ठिपके आलेच. आणि ती काच उघडी ठेवू नका, हवेतलं पाणी ओढून दोन दिवसांत पांढरी पडते.

पाच पैकी चार. एक कापला तो पाकिटाचा, घरी येईपर्यंत अर्धी पिशवी पांढरी झाली होती आणि बायकोला वाटलं मैदा सांडला.