सांगलीत पाइपने आलेला गॅस : पाच महिन्यांचा अनुभव

सांगलीतील आमच्या घरी पाइपने नैसर्गिक वायू येऊ लागला त्याला पाच महिने झाले. स्वयंपाकघरापुरते बोलायचे तर ही सेवा चांगली आहे. मात्र जोडणीच्या माहितीपत्रकावर छापलेले ‘भविष्यातील हरित इंधन’ हे बिरुद मला पटलेले नाही.

जोडणीचे काम एका दिवसात झाले. मीटर गुडघ्याच्या उंचीवर बसवायचे ठरत होते. परंतु २०१९ च्या महापुराची खूण आमच्या भिंतीवर अजून दिसते, त्यामुळे मीटर तिच्यावर घ्यावे असा आग्रह आम्ही धरला आणि वाढीव पाइपचे पैसे भरले. (सांगलीत भिंतीला खिळा ठोकतानाही ही खूण आधी पाहिली जाते.) फिटरने प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून गळती तपासली, ती पद्धत समाधानकारक वाटली. हा वायू मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असतो. सिलिंडरमधील गॅस गळला तर जमिनीलगत साचतो, हा वर चढतो. म्हणून खिडकीचा वरचा झरोका उघडा ठेवण्याची त्याची सूचना योग्यच होती.

तक्रार आहे ती शेगडीबाबत. या वायूसाठी बर्नरच्या जेटचे छिद्र मोठे करावे लागते. आमच्या तीनपैकी एका बर्नरचे छिद्र नीट मोठे झाले नव्हते, त्यामुळे त्यावर ज्वारीची भाकरी फुगेपर्यंत कडक होऊ लागली. चार वेळा फोन केल्यानंतर, अठराव्या दिवशी, दुसरा माणूस आला आणि त्याने दहा मिनिटांत दोष दूर केला. जोडणीच्या वेळी तिन्ही बर्नर पेटवून ज्योत पाहिली असती, तर हा खटाटोप वाचला असता.

खर्चाचा हिशेब असा : १४.२ किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता साधारण १८ घनमीटर वायूतून मिळते. आम्हाला एक सिलिंडर पस्तीस दिवस पुरत असे. आता दोन महिन्यांचा वापर ३१ घनमीटर भरला, म्हणजे मीटरबद्दल शंका घेण्यास जागा नाही.

राहिला प्रश्न भविष्याचा. देशाच्या ऊर्जावापरातील नैसर्गिक वायूचा वाटा सध्याच्या सुमारे ६ टक्क्यांवरून २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. कोळशावरील विजेच्या तुलनेत वायूवरील विजेमुळे कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्मा निघतो, हे खरे. पण आमच्या घरात वायूने कोळशाची नव्हे, सिलिंडरची जागा घेतली आहे आणि तेथे हा फरक फार तर दहा-बारा टक्क्यांचा आहे. शिवाय न जळता हवेत सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता रोखतो. देशात वापरला जाणारा निम्म्याच्या आसपास वायू उणे १६२ अंशांवर द्रवरूप करून जहाजांनी आणावा लागतो, त्यामुळे २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर जागतिक बाजार भडकला तसा तो पुन्हा भडकला, तर त्याची झळ आपल्या बिलापर्यंत पोहोचणारच.

आपल्या जिल्ह्यासाठी अधिक आशा मला साखर कारखान्यांच्या प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात, दिसते. त्यापासून बनवून शुद्ध केलेला बायोगॅसही मिथेनच असतो आणि याच पाइपमधून येऊ शकतो. तो येईल तेव्हा जेट पुन्हा बदलावे लागणार नाही, एवढे तरी फिटरसाठी थांबणे वाचेल.