रास्पबेरी पाय पिको २ : काही महिन्यांच्या वापरानंतर

पाच डॉलर किमतीचा पिको २ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आला. गेले काही महिने मी तो एलईडी पट्ट्यांच्या रोषणाईसाठी आणि गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी मोजण्यासाठी वापरत आहे. पैसा चिपवर खर्च केला आहे आणि काटकसर बोर्डावर, असे माझे मत झाले आहे.

पिको २ वरील आरपी २३५० या चिपचे खरे बळ पीआयओमध्ये, म्हणजे पिनांवरचे सिग्नल स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या भागात आहे. तीन पीआयओ ब्लॉकमध्ये मिळून १२ स्टेट मशीन, म्हणजे छोटे प्रोग्रॅम चालवणारी एकके आहेत. पट्ट्यांतील डब्ल्यूएस २८१२ प्रकारच्या एलईडीला लागणारा ८०० किलोहर्ट्झचा काटेकोर सिग्नल त्यांतील एकच स्टेट मशीन अवघ्या चार सूचनांच्या प्रोग्रॅमवर तयार करते आणि मुख्य कोअर इतर कामांना मोकळा राहतो. पट्टी ५ व्होल्टची असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्टेज बदलणारा भाग) घालावा, कारण पिनवर ३.३ व्होल्टच मिळतात. कॉर्टेक्स-एम३३ किंवा रिस्क-फाइव्ह या दोन प्रकारांतून प्रोसेसर कोअर निवडण्याची सोय अभ्यासकांना रुचेल. मला मात्र तिची गरज पडली नाही.

चिपच्या जुन्या ए२ आवृत्तीतील ई९ क्रमांकाचा दोष उत्पादकानेच डेटाशीटमध्ये (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकात) नोंदवला आहे. पिन इनपुट असताना तिच्यातून गळणारा प्रवाह इतका असतो की पिनला शून्य व्होल्टकडे खेचणाऱ्या अंतर्गत पुल-डाउन रोधाला तो पेलवत नाही. परिणामी बटण सोडल्यावरही पिन सुमारे २.२ व्होल्टवर अडकून राहते आणि प्रोग्रॅमला ते दाबलेलेच वाटते. यावर बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रोध लावावा लागतो. मी सगळी बटणे सरळ पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडून अंतर्गत पुल-अप (पिनला ३.३ व्होल्टकडे खेचणारा रोध) वापरतो, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही. २०२५ मधील ए४ आवृत्तीत हा दोष दूर केला आहे, तेव्हा खरेदी करताना आवृत्ती विचारून घ्यावी.

पातळीचा सेन्सर अॅनालॉग असल्याने एडीसीची, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाची परीक्षा झाली. भार कमी असताना बोर्डावरील वीजपुरवठा बचतीच्या पद्धतीने चालतो आणि ३.३ व्होल्टच्या रेषेवर तरंग उमटतात, जे वाचनात दिसतात. जीपीआयओ २३ ही पिन हाय केल्यास हे तरंग कमी होतात, मात्र कमी भारावर कार्यक्षमता घटते. अधिक अचूकता हवी असल्यास ३५ क्रमांकाच्या पिनवर बाहेरील संदर्भ व्होल्टेज देता येते.

मायक्रो-यूएसबी या काळात खटकते आणि रीसेट बटण नसल्याने ३० क्रमांकाच्या रन पिनला (ग्राउंडला जोडल्यास चिप रीसेट करणाऱ्या) मी वेगळे बटण जोडले आहे. पिनांची नावे फक्त मागच्या बाजूला छापली आहेत. ब्रेडबोर्डावर बसवल्यावर ती दिसत नाहीत, हे तर अनाकलनीयच.

ही चिप घेऊन स्वतःचा पीसीबी (सर्किट बोर्ड) करणाऱ्यांनी कोअरच्या पुरवठ्यासाठीच्या ३.३ मायक्रोहेन्रीच्या इंडक्टरकडे (तारेच्या वेटोळ्याच्या भागाकडे) विशेष लक्ष द्यावे. त्याची दिशा उलटली तर त्याच्या चुंबकीय क्षेत्राने चिपमधील व्होल्टेज रेग्युलेटरच्या कामात बाधा येते, म्हणूनच उत्पादकाच्या मार्गदर्शिकेत दिशेची खूण असलेला इंडक्टर सुचवला आहे.