पक्ष्यांच्या जोड्या जुळवायचा पत्त्यांचा खेळ: सहा-सात महिने वापरल्यावर

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी घेतलेला हा खेळ थंडी पडली तरी आमच्याकडे रात्रीची जेवणं आटोपली की निघतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खेळणारे तिघं: पाच वर्षांची धाकटी, नऊ वर्षांचा थोरला आणि सासूबाई.

खेळ सोपा आहे. सगळे पत्ते पालथे मांडायचे, आपल्या पाळीला दोन उलटायचे. जोडी लागली तर पत्ते आपले आणि पुढची पाळीही आपलीच. असे खेळ बाजारात ढिगाने मिळतात, पण बहुतेकांत दोन्ही पत्त्यांवर एकच चित्र असतं आणि मूल पक्ष्याकडे नीट न बघताच जोडी लावतं. इथे बऱ्याच जोड्या नर-मादीच्या आहेत, आणि मला हा खेळ आवडला तो त्यासाठीच. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा कोकीळ आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली त्याची मादी ही जोडी आहे, हे आधी शिकावंच लागतं. आंब्यावर बसून कुहू करतो तो नर, हे घरातल्या मोठ्यांनाही या पत्त्यांमुळेच कळलं. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग, चिमणी साधी भुरकी. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून साजरा होतो आणि त्यामागचे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचे. इथल्या मुलांना चिमणा-चिमणी वेगळे ओळखता आलेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. धाकटीची लाडकी जोडी पाणलाव्याची. त्यात मादी रंगीत, नर फिका आणि अंडी उबवायचं काम नराचं. तो पत्ता निघाला की ती दर वेळी सांगते, "आजी, यांच्यात बाबा अंड्यांवर बसतात!"

बुलबुल, साळुंकी यांच्यात नर-मादी सारखेच दिसतात, तिथे एका पत्त्यावर बसलेला आणि दुसऱ्यावर उडणारा पक्षी दिला आहे. चालतं.

डब्यावर वय तीनपासून लिहिलंय, पण मी चारच्या आत देणार नाही. सुरुवातीला पाच-सहा जोड्याच घ्याव्यात आणि पत्ते उघडे मांडावेत. ओळख झाली की पालथे. सगळे पत्ते एकदम काढले तर लहान मूल कंटाळून उठतं.

आता तक्रारी. पत्ते पातळ आहेत. कोपरे दुमडले की पालथा पत्ताही ओळखू येतो आणि आठवणीचा खेळ तिथेच संपतो. पिंगळ्याचा पत्ता तर पोरं डोळे झाकून उचलायला लागली. शेवटी सगळे पत्ते एकसारख्या प्लास्टिकच्या पाकिटांत घातले, ते पहिल्याच दिवशी करावं.

दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची आहे: आकार कळत नाही. चिमणी आणि रंगीत करकोचा पत्त्यावर एकाच मापाचे. आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. निफाड तालुक्यातली, गोदावरी-कादवाच्या संगमाजवळची ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. मनोऱ्यावरून दुर्बिणीतून थोरल्याने करकोचा झटकन ओळखला; पंखांवरची ती गुलाबी छटा त्याला पाठच होती. पण खाली आल्यावर एक करकोचा बराच जवळ दिसला तेव्हा, "आई, हा एवढा मोठा असतो?" मीटरभर उंचीचा पक्षी त्याच्या डोक्यात कबुतराएवढा होता. पत्त्याच्या कोपऱ्यात नुसती सेंटिमीटरमधली लांबी छापली असती तरी पुरलं असतं.

दिवाळीच्या सुमारास आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर एक सूर्यपक्षी यायला लागला. पोट पिवळं, गळ्यापासून खाली एकच गडद पट्टा. मुलांनी दोन्ही पत्ते काढून ताडून पाहिले. नर चमकदार जांभळा, मादी पिवळसर, आणि हा दोघांतही बसेना. जांभळा सूर्यपक्षी विणीचा हंगाम संपला की असा वेष घेतो, पण खेळात त्याचं चित्र नाही. थोरल्याने पुठ्ठा कापून तिसरा पत्ता केला, धाकटीने रंगवला, आणि आता सूर्यपक्ष्याचे तिन्ही पत्ते लागले तरच तो डाव धरायचा असा आमच्या घरचा नियम आहे. बनवणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत हा पत्ता जरूर घालावा, आणि कागद जाड वापरावा.