कागद चोख होते, भाडं बनावट होतं

जुनं घर घ्यायचं, डागडुजी करून भाड्याने लावायचं, असा बेत असलेल्यांसाठी हे लिहितोय. आमचं घर सोलापुरात बाळीवेशीकडच्या एका गल्लीतलं, म्हणून माळवद (लाकडी कड्यांवरचं मातीचं छत), पांढरी माती वगैरे इथलं येणारच. एजंटाचं आणि विकणाऱ्याचं नाव देत नाही, दावा चालू आहे.

मालकीच्या कागदांत काही खोट नव्हती. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हे ऑफिसातून काढलं होतं. वकिलांनी मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध, म्हणजे सर्च घेतला, नोंदणी ऑफिसातला व्यवहाराचा गोषवारा, म्हणजे सूची दोन (इंडेक्स टू) तपासली. विकणाऱ्याच्या दोन्ही बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घेतल्या, कारण २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच. घर घेताना घरातले जाणते लोक एवढंच बघायला सांगतात आणि एवढं आमच्याकडे होतं. फसवणूक झाली ती भाड्याच्या आकड्यात आणि छतात. त्याचा सर्च कुठल्याच ऑफिसात मिळत नाही.

घर ३२ लाखांचं. मुद्रांक आणि नोंदणीला दोन लाखांवर गेले. एजंट म्हणाला, "मालक, पुढच्या खोल्यांत सिव्हिल हॉस्पिटलला शिकणारी पोरं आहेत, नऊ हजार. माडीवर फॅमिली आहे, साडेआठ. मागच्या दोन खोल्या साडेसहा. चोवीस हजार महिना बसून खायचे की ओ!" म्हणजे खरेदीच्या किमतीवर वर्षाला नऊ टक्के. आपल्याकडे राहत्या घराच्या भाड्यातून दोन-तीन टक्के सुटले तरी लोक खूश असतात. नऊ कुठून येतात, हा प्रश्न त्याला विचारलाही. "जुन्या पेठेत जागा स्वस्त आणि भाडं शहराचं," हे त्याचं उत्तर पटण्यासारखं होतं. खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवूनच येतो.

तिन्ही भाडेकरूंचे अकरा महिन्यांचे करार दाखवले. स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, फोटो, सगळं होतं. नोंदणी मात्र नव्हती. इथे थोडं थांबतो, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, शहरात फी हजार रुपये. हजार रुपये वाचवलेला करार दिसला की समजायचं, वाचवण्यामागे काहीतरी कारण असणार.

आमच्याकडे कारण मागच्या दोन खोल्यांत राहत होतं. साठीचे गृहस्थ, आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. करारात ते गेल्या वर्षी आलेले भाडेकरू. घर बघायला गेलो तेव्हा माझ्या बायकोने तिथलं फडताळ पाहिलं. भिंतीतच कोरलेलं, सागवानी चौकट, आत देव मांडलेले, वरच्या फळीवर तेलाचा वर्षानुवर्षांचा काळा थर. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अकरा महिन्यांचा भाडेकरू भिंत कोरून देव बसवतो होय?" एजंट हसला. "वहिनी, ते मूळ मालकाचं फडताळ. यांनी नुसते देव ठेवलेत."

खरेदीनंतर काही महिन्यांनी त्याच गृहस्थांनी पत्र्याची पेटी उघडून माझ्यासमोर ठेवली. आत भाडेपावत्या होत्या, त्यांच्या वडिलांच्या नावाच्या. मधल्या काळात जुन्या मालकाने भाडं घ्यायचं बंद केलं, तेव्हा वडिलांनी मनीऑर्डरने पाठवलं, त्या पावत्याही सुतळीने बांधून ठेवलेल्या. भाडं महिना १८५ रुपये. एजंटाने त्यांना सांगितलं होतं, नवीन मालक कडक आहे, या कागदावर सही करा म्हणजे तुमचं नाव लागेल. त्यांनी न वाचता केली. त्यांच्यावर माझा राग नाही. सोडून जायला त्यांना दुसरी जागा नाही आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे: भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणारं कुटुंब भाडेकरू ठरतं. १८५ वर मला वर्षाला चार टक्के वाढ मिळू शकते. हिशोब तुम्हीच करा. शिवाय त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्यांच्या खोल्या राहण्याजोग्या ठेवणं हे आता माझं काम.

मग साडेसहा हजार येत कुठून होते? एजंट म्हणाला होता, "तुम्ही कशाला दारोदार फिरता, मी गोळा करून एकरकमी पाठवतो." दर एक तारखेला सकाळी त्याच्या खात्यातून चोवीस हजार जमा. चुकून एकदाही उशीर नाही. आता आठवलं की हसू येतं. ज्या गावात कोणाचा पगार सातला, कोणाचा दहाला आणि लूमवर आठवड्याला, तिथे तीन बिऱ्हाडांचं भाडं एक तारखेला! पोरं प्रत्यक्षात पाच हजार देत होती, माडीवरचे साडेचार. वरचे चौदा हजार आमच्याच पैशातले होते, कारण दुरुस्तीचं काम त्याच्याच ओळखीच्या माणसाला सात लाखांत गुत्त्याने दिलेलं. सात लाख संपले आणि भाडंही थांबलं. खरा आकडा महिना दहा हजारांच्या आत. खरेदी, मुद्रांक, दुरुस्ती धरून ४१ लाखांवर तीन टक्केही पडत नाहीत.

दुरुस्तीची तऱ्हा अशी. माडीवरचं छत माळवदाचं, म्हणजे कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या) आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात पंख्याशिवाय झोप लागते, इतकं थंड. गुत्तेदाराने खालून पीओपी मारून घेतलं, वरून मातीवरच सिमेंटचा जाड थर ओतला आणि वॉटरप्रूफिंग झालं म्हणाला. माती श्वास घेईना, छताचं वजन वाढलं. आपल्याकडे जोराचा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा पीओपीवर चहाच्या रंगाचा डाग उमटला. एक तुकडा काढून मिस्त्रीने कडीच्या भिंतीतल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा टोकाला वाळवीची माती. ते लाकूड पीओपीच्या आधीच कुजलेलं होतं, कोणी बघू नये म्हणूनच पीओपी. माडीवरचं बिऱ्हाड महिनाभरात गेलं आणि त्यांचं बरोबरच होतं. माळवदाचं घर घेताना छत झाकलेलं असेल तर निदान एक कोपरा उघडून दाखवायला सांगा. मालक नाही म्हणाला तर परत फिरा.

घर शोधणारा, दुरुस्तीचा अंदाज देणारा आणि भाडं गोळा करणारा एकच माणूस असेल, तर तिन्ही आकडे त्याचेच. माझ्या ओळखीत आता कोणी असं घर घेत असेल तर मी त्याला प्रत्येक भाडेकरूचं लाइट बिल मागायला सांगतो. महावितरणच्या बिलावर नाव असतं आणि पुरवठा कधी सुरू झाला ती तारीखही असते. आमच्या मागच्या खोल्यांचं स्वतंत्र मीटर त्या गृहस्थांच्या वडिलांच्या नावावर आहे. तो कागद दारामागच्या खिळ्याला टोचलेला होता. महापालिकेच्या कर आकारणीच्या उताऱ्यात भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं नाव बघा. मतदार यादी बघा. भाड्याचा पुरावा म्हणून भाडेकरूच्या खात्यातून मालकाच्या खात्यात गेलेले पैसे दाखवायला सांगा, वर्षभराचे. आणि गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानात दोन मिनिटं थांबा. आमच्या दुकानदाराला सगळं माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

पोलिसांकडे गेलो तर पहिलं उत्तर, ही दिवाणी बाब आहे. महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या सरकारी प्राधिकरणाकडे जायचा सल्ला काहींनी दिला, पण जुन्या घराच्या फेरविक्रीतला एजंट तिथल्या नोंदणीत येतच नाही. वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ काढलं. मिळकतीतला महत्त्वाचा, सहज न दिसणारा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो खरेदीदाराला सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आमच्या खरेदीखतात भाडेकरूंची यादी वकिलांनी आग्रहाने घालायला लावली होती: तिघांची नावं, रक्कम, करार कधीचा, आणि यांच्याशिवाय कोणाचाही भाडेहक्क नाही असं विकणाऱ्याचं कथन. विकणारा तेव्हा कुरकुरला होता. दावा आता त्याच परिच्छेदावर उभा आहे. मागच्या खोल्यांतले काका आमच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहेत. पुढची तारीख गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेनंतरची मिळाली आहे.